भीती, ग्रामसभा आणि संगणक

ग्रामसभेचे इतिवृत्त चाळले तर त्यात ठराव सापडतो, सूचक आणि अनुमोदक यांची नावे सापडतात आणि शेवटी 'सर्वानुमते मंजूर' असा शेराही सापडतो. परंतु ज्या घटकेला हात वर झाले त्या घटकेला सभेत भीती किती होती, संताप किती होता, कोणाच्या चेहऱ्याकडे पाहून कोणी हात वर केला, याची नोंद कोठेच नसते. निर्णय हे विचारविनिमयाचे फलित आणि भावना हा त्यात शिरलेला अडथळा, अशी आपल्या सार्वजनिक व्यवहाराची रूढ समजूत आहे. मानसशास्त्र, समाजशास्त्र आणि संगणकशास्त्र यांच्या सीमेवर गेल्या काही दशकांत वाढलेल्या एका अभ्यासशाखेने ही समजूत मुळापासून तपासावयास घेतली आहे. समूहाच्या निर्णयात भावना कशी शिरते, एकाकडून दुसऱ्याकडे कशी जाते, कशी वाढते आणि कशी ओसरते, हे संगणकावर प्रतिमान रचून पाहण्याचा तिचा उद्योग आहे. हा उद्योग दूरच्या विद्यापीठांतला वाटेल; पण ज्या प्रश्नांशी तो झुंजतो आहे ते प्रश्न लातूर जिल्ह्यातील औसा तालुक्याने प्राणांचे मोल देऊन अनुभवले आहेत.

धक्क्यांची सवय

किल्लारी हे औसा तालुक्यातील गाव. १९९२ च्या ऑगस्टपासून त्या परिसरात जमिनीला लहान लहान धक्के बसू लागले. १८ ऑक्टोबर १९९२ रोजी बसलेला धक्का रिश्टर मापनावर साडेचारच्या आसपासचा होता. मार्च १९९३ पर्यंत अशा सव्वाशेच्या वर धक्क्यांची नोंद झाली. प्रारंभी घबराट पसरली. पुढे धक्के विरळ झाले आणि घबराटही ओसरली. दख्खनचे पठार भूकंपाच्या दृष्टीने स्थिर आहे, हा त्या काळचा सर्वमान्य समज होता. १९६७ च्या कोयना भूकंपाने त्याला तडा दिला होता, तरी कोयनेचे कारण धरणाच्या जलाशयात शोधले गेले आणि बाकीचे पठार निर्धास्त राहिले. देशाच्या भूकंपविभागांच्या नकाशात लातूरचा समावेश सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या विभागात होता.

२९ सप्टेंबर १९९३ हा अनंत चतुर्दशीचा दिवस. गणेशविसर्जन आटोपून गावे झोपी गेली आणि ३० सप्टेंबरच्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंप झाला. त्याची तीव्रता ६.२ ते ६.४ अशी नोंदली गेली. जगातील मोठ्या भूकंपांच्या तुलनेत हा आकडा मध्यम. पण दगडमातीच्या जाड भिंती आणि त्यांवर मातीच्या थरांनी वर्षानुवर्षे जड होत गेलेली माळवदे झोपलेल्या माणसांवर कोसळली. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत मिळून सुमारे ८,००० माणसे मृत्युमुखी पडली.

भूकंपाचे भाकीत त्या वेळी कोणी करू शकत नव्हते आणि आजही करू शकत नाही. म्हणून त्या सव्वाशे धक्क्यांवरून पुढचा अनर्थ ओळखावयास हवा होता, असे म्हणणे अन्यायाचे होईल. परंतु एक प्रश्न उरतो. घबराट होती तेव्हा माळवदावरची माती कमी करणे, भिंतींना आधार देणे, निजण्याची जागा बदलणे ही साधी कामे ठरवून करता आली असती. ती करण्याची प्रेरणा भीतीतच होती आणि ती भीती कोणत्याही ठरावात रूपांतरित होण्यापूर्वीच विझून गेली.

भीतीने आखलेली गावे

भूकंपानंतर याच्या अगदी उलट स्थिती निर्माण झाली. पश्चात धक्के चालू होते, माणसे पत्र्याच्या निवाऱ्यांत राहत होती, आणि त्याच अवस्थेत पुढच्या कित्येक पिढ्यांना पुरणारा निर्णय घ्यावयाचा होता : गाव जुन्या जागी उभे करावयाचे की दुसरीकडे न्यावयाचे? जेथे ७० टक्क्यांहून अधिक घरे पडली आणि जमिनीत काळ्या मातीचा थर दोन मीटरहून जाड आहे, अशी गावे हलवावीत, असा निकष शासनाने ठरविला. जागतिक बँकेच्या साहाय्याने आखलेल्या पुनर्वसन कार्यक्रमात अखेर ५२ गावे नव्या जागी वसविण्यात आली आणि तेथे सुमारे २८,००० घरे बांधली गेली. आणखी २२ गावांची घरे जुन्या जागीच नव्याने उभी राहिली. तेरा जिल्ह्यांतील सुमारे दोन लाख घरांच्या दुरुस्तीचा व बळकटीकरणाचा कार्यक्रम याखेरीज होता.

नव्या गावांत घराचा आकार कुटुंबाच्या जमीनधारणेवरून ठरला : २५०, ४०० आणि ७५० चौरस फूट. रस्ते सरळ आणि रुंद आले, घरे सुटी सुटी झाली, गावाचा पसारा जुन्या गावठाणाच्या कितीतरी पट वाढला. जुन्या घरांत जनावरांचा गोठा, धान्याची साठवण आणि एकत्र कुटुंबाचा वावर एकाच वाड्यात सामावत असे. नव्या घरांत त्याला जागा नव्हती. शेत लांब पडले, भावकी विखुरली. या उणिवांची चर्चा पुढे अभ्यासकांनी आणि गावकऱ्यांनीही वेळोवेळी केली. पण स्थलांतर हे केवळ वरून लादले गेले असे म्हणता येत नाही. जेथे आप्त गेले त्या जागेकडे, त्या दगडांकडे पुन्हा वळण्याची लोकांची तयारी नव्हती. दगडाची भिंत मुळात सदोष नसते. तिच्यात दोन्ही बाजूंना सांधणारे आरपार दगड घातले, वर काँक्रीटचा पट्टा दिला आणि छतावरची माती उतरवली तर ती पुष्कळ तग धरते, हे अभियंत्यांनी दाखवून दिले होते. तरीही बळकटीकरणासाठी मिळालेल्या रकमेतून जुन्या घराजवळ सिमेंट-काँक्रीटची नवी खोली बांधण्याकडेच बहुसंख्य कुटुंबांचा कल राहिला. हा निर्णय केवळ हिशेबाचा नव्हता. दगडाखाली माणसे गेलेली ज्यांनी पाहिली त्यांच्या मनात दगडाचा अर्थच बदलला होता.

भीती लवकर विझली म्हणून १९९२ मध्ये काही ठरले नाही, आणि भीती धगधगत होती म्हणून १९९३-९४ मध्ये फार मोठे निर्णय फार थोड्या अवधीत ठरले. भावनेला चूक किंवा बरोबर ठरविण्याऐवजी तिची चाल समजून घेणे का आवश्यक आहे, हे या दोन घटना शेजारी ठेवल्या की कळते. संगणकीय प्रतिमानांचा उपयोग येथे आहे.

संगणकाच्या पटावरील गाव

असे प्रतिमान म्हणजे काय? संगणकात एक काल्पनिक गाव वसवावयाचे. त्यातील प्रत्येक व्यक्तीला भीतीचा एक आकडा द्यावयाचा. भीती मुळीच नसेल तर शून्य, पराकोटीची असेल तर एक. कोण कोणाच्या संपर्कात येतो याचे जाळे विणावयाचे. मग प्रत्येक फेरीत प्रत्येकाचा आकडा शेजाऱ्यांच्या आकड्यांनुसार थोडा थोडा बदलू द्यावयाचा. अशा हजारो फेऱ्या संगणक क्षणार्धात करतो. एकच गाव निरनिराळ्या नियमांखाली पुन्हा पुन्हा जगवून पाहता येते. खऱ्या गावाच्या बाबतीत हे कधीच शक्य नसते.

ॲमस्टरडॅमच्या फ्राये विद्यापीठातील टिबोर बॉसे, यान ट्रूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा प्रतिमानांत भावनेचा प्रवास तीन गोष्टींवर अवलंबून ठेवला : भावना बाळगणारा ती किती व्यक्त करतो, समोरचा ती किती स्वीकारतो, आणि दोघांमधील नाते किती घट्ट आहे. यातून दोन प्रकारच्या शक्यता पुढे आल्या. पहिल्या प्रकारात समूहाची भावना सरासरीकडे जाते; भ्यालेला थोडा सावरतो, निर्धास्त माणूस थोडा सावध होतो. दुसऱ्या प्रकारात एकाची भीती दुसऱ्याला वाढवते, दुसऱ्याची पुन्हा पहिल्याला, आणि समूहाची भीती आरंभी कोणाही एकाच्या मनात नव्हती इतक्या पातळीला पोचते. उतरंडही तशीच होते. एकमेकांना धीर देता देता सर्वजण वाजवीपेक्षा अधिक निर्धास्त बनतात. या प्रतिमानात भावनेच्या जोडीला समजुती आणि इरादे यांचाही प्रवास मांडलेला आहे, कारण भ्यालेले मन वाईट बातमी लवकर उचलते आणि ती बातमी भीतीला आणखी खाद्य पुरविते.

हे प्रतिमान एका प्रत्यक्ष प्रसंगावर पडताळून पाहिले गेले. ४ मे २०१० रोजी ॲमस्टरडॅमच्या डाम चौकात युद्धातील मृतांच्या स्मरणार्थ हजारो लोक स्तब्ध उभे असताना एका माणसाने किंकाळी फोडली आणि क्षणात जमाव धावत सुटला. त्या प्रसंगाच्या चित्रफितीवरून माणसांच्या हालचाली मोजून त्या संगणकातील हालचालींशी ताडण्यात आल्या. भावनेचे संक्रमण वगळलेल्या प्रतिमानापेक्षा ते धरून चालणारे प्रतिमान प्रत्यक्षाच्या अधिक जवळ गेले.

एका हाताचा फरक

समूहाच्या निर्णयाविषयीचा याहून साधा, तरी अधिक अस्वस्थ करणारा सिद्धांत अमेरिकन समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७८ मध्ये मांडला. तो ग्रामसभेच्या भाषेत असा सांगता येईल. शंभर माणसांची सभा आहे. पहिला माणूस कोणाचीही वाट न पाहता गाव सोडण्याच्या बाजूने हात वर करणारा आहे. दुसरा, एक हात वर दिसला तर करणारा. तिसरा, दोन दिसले तर. आणि असे शंभराव्यापर्यंत. पहिला हात वर जाताच दुसरा जातो, मग तिसरा, आणि ठराव सर्वानुमते मंजूर होतो. आता दुसऱ्या एका गावात हीच शंभर माणसे आहेत. फरक इतकाच की दुसऱ्या माणसाला एकाऐवजी दोन हात दिसावयास हवे आहेत. तेथे पहिल्याचा हात एकटाच वर राहतो आणि ठराव फेटाळला जातो. एका गावाला लोक भित्रे म्हणतील, दुसऱ्याला धीराचे. प्रत्यक्षात दोन्ही गावांच्या मनात केवळ एका माणसाचे अंतर आहे. सर्वानुमते झालेल्या ठरावावरून सर्वांचे मत कळते असे मानणाऱ्यांनी या उदाहरणावर विचार करावा.

यात भावनेची भर जोशुआ एप्स्टाईन यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रतिमानात घातली. त्यातील प्रत्येक व्यक्तीची कृती तीन गोष्टींच्या बेरजेतून होते : स्वतःची भावना, स्वतःचा अदमास आणि इतरांकडून आलेला भार. बेरीज एका मर्यादेच्या वर गेली की माणूस कृती करतो. भावनेचा भाग त्यांनी रेस्कोर्ला आणि वॅग्नर या मानसशास्त्रज्ञांच्या १९७२ च्या सूत्रावर बेतला आहे. अनिष्ट अनुभवाने भीती शिकली जाते आणि संकेत मिळूनही अनिष्ट घडले नाही तर ती हळूहळू पुसली जाते, असे ते सूत्र सांगते. किल्लारीच्या १९९२-९३ च्या धक्क्यांना हे सूत्र लावून पाहावे. जमीन हलते, घर उभे राहते. पुन्हा हलते, पुन्हा घर उभे राहते. सव्वाशे वेळा हा धडा गिरवला गेला तर भीती पुसली जाणे हा लोकांचा हलगर्जीपणा नव्हे. मन अनुभवावरून शिकते, आणि येथे अनुभवानेच चुकीचा धडा शिकवला.

भीती केवळ पसरत नाही, ती स्वतःसाठी कारणेही शोधते. १५ जानेवारी १९३४ च्या बिहार भूकंपानंतर पाटण्याचे मानसशास्त्रज्ञ जमुना प्रसाद यांनी लोकांत पसरलेल्या अफवा गोळा केल्या होत्या. जेथे धक्का जाणवला पण नुकसान झाले नव्हते तेथेही आणखी भयंकर अनर्थ कोसळणार असल्याच्या वार्ता फिरत होत्या. अमेरिकेतील लिऑन फेस्टिंगर यांना या नोंदींनी विचारात पाडले. मनात भीती आहे, पण समोर भ्यावे असे काही दिसत नाही. तेव्हा भीतीला साजेशी वार्ता मन स्वीकारते, असा अर्थ त्यांनी लावला आणि १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या मानसिक विसंगतीच्या सिद्धांताला या निरीक्षणाचा आधार मिळाला. अफवा पसरविणाऱ्याला शिक्षा करून भागत नाही, हे यावरून ध्यानात येईल. भीतीला खरी माहिती मिळाली नाही तर ती खोटी माहिती तयार करते.

आकड्यांत न मावणारे

या प्रतिमानांवर भाबडा विश्वास ठेवण्याचे मात्र कारण नाही. भीतीचा आकडा ०.६ की ०.७ हे ठरविणार कोण? फिरविण्यासाठी खुंट्या पुष्कळ असल्या की कोणतेही वाद्य हव्या त्या सुरात लावता येते. प्रतिमानाचेही तसेच आहे. घडलेल्या घटनेशी ते जुळले म्हणून पुढच्या घटनेशी जुळेलच असे नाही.

याहून महत्त्वाची मर्यादा सामाजिक आहे. 'व्यक्त होण्याची क्षमता' हा प्रतिमानात व्यक्तीचा गुणधर्म समजला जातो. खेड्यात ती बहुधा गुणधर्म नसून परवानगी असते. घराची भिंत कोठे फुगली आहे, माळवद कोठे ठिबकते, रात्री मुले कोठे निजतात, हे सर्वांत आधी कळते ते घरातल्या बाईला. आणि ग्रामसभेत सर्वांत कमी बोलते तीही तीच. गावकुसाबाहेरच्या वस्तीची भीती जाळ्याच्या कडेला राहते. पाटलाच्या ओसरीवरची भीती मध्यभागी बसते. संगणकाला हे सांगितले नाही तर त्याच्या पटावरचे गाव सर्वांना सारखा आवाज असलेले गाव होईल आणि असे गाव मराठवाड्यात कोठे सापडणार नाही. भूकंपानंतरच्या दुरुस्ती कार्यक्रमात 'स्वयं शिक्षण प्रयोग' या संस्थेने महिला मंडळांतून 'संवाद सहायक' म्हणून स्त्रियांना पुढे आणले. बांधकामाची माहिती घरोघर नेण्याचे आणि घरोघरच्या अडचणी शासनापर्यंत आणण्याचे काम त्यांनी केले. प्रतिमानाच्या भाषेत सांगावयाचे तर त्यांनी जाळ्यात पूर्वी नसलेले धागे विणले. कोणाच्या भीतीला वाट मिळते यावर समूहाचा निर्णय कसा बदलतो, याचे याहून बोलके उदाहरण शोधण्याची गरज नाही.

तिसरी गोष्ट अशी की प्रतिमान भावनेचे मोल ठरवू शकत नाही. जेथे मुले गेली त्या जागी पुन्हा चूल मांडावयाची नाही, असे एखादी आई म्हणते तेव्हा ते गणितातील दोष म्हणून दुरुस्त करावयाचे विधान नसते. ते निर्णयाचे एक कायदेशीर कारण आहे. शेत लांब पडेल, हा हिशेब तिच्यासमोर मांडणे हे शासनाचे कर्तव्य. तिच्या नकाराला अज्ञान म्हणणे हा शासनाचा अधिकार नव्हे.

करावयाचे काय?

मग उपयोग कशाचा? संगणकावरील गाव निर्णय सांगत नाही, पण निर्णयाच्या रीतीतील दोष उघडे करू शकते. हात वर करून मत घेतले तर काय होते आणि चिठ्ठीवर घेतले तर काय. प्रतिष्ठित आधी बोलले तर काय आणि शेवटी बोलले तर काय. एकाच सभेत ठराव केला तर काय आणि महिन्याच्या अंतराने दोन सभा घेतल्या तर काय, या प्रश्नांची उत्तरे शोधण्यास ते फार स्वस्त साधन आहे. खऱ्या गावावर असले प्रयोग करणे क्रूरपणाचे ठरेल.

प्रशासनाला यातून एक व्यवहार्य सूत्र घेता येईल. जे निर्णय परत फिरविता येतात आणि जीव वाचवितात, ते भीती ताजी असतानाच घ्यावेत, कारण तेवढी तयारी लोकांत पुन्हा दिसणार नाही. जे निर्णय परत फिरविता येत नाहीत, ते भीती थोडी निवल्यानंतर, दोन वेळा विचारून, शक्य तर गुप्त मतदानाने घ्यावेत. तात्पुरता निवारा पक्का आणि राहण्याजोगा असेल तरच हा अवधी लोकांना परवडतो. निवाऱ्यात पाणी शिरू लागले की कोणताही ठराव सर्वानुमते मंजूर होतो.

हा विषय इतिहासजमा झालेला नाही. किल्लारीनंतर भूकंपविभागांचा नकाशा बदलला आणि २००२ च्या मानकात लातूर तिसऱ्या विभागात गेले. २०२२ मध्ये निलंगा तालुक्यातील हासोरी परिसरात भूगर्भातून आवाज येऊ लागल्याने लोक धास्तावले होते. २१ मार्च आणि १० जुलै २०२४ रोजी हिंगोली जिल्ह्यात ४.५ तीव्रतेचे धक्के बसले आणि ते नांदेड-परभणीपर्यंत जाणवले. प्रत्येक वेळी तोच क्रम दिसतो : लोक रस्त्यावर येतात, भ्रमणध्वनीवर वार्ता फिरतात, 'घाबरू नका' असे आवाहन निघते आणि आठ दिवसांत सर्व शांत होते. घाबरू नका, हा सल्ला अपुरा आहे. घाबरलेल्या माणसाला आज संध्याकाळपर्यंत करता येईल असे एखादे काम सांगणे, माळवदावरची माती किती उतरवावी, कोणत्या भिंतीजवळ निजू नये, शाळेची कोणती खोली बंद ठेवावी, हे त्याच आठवड्यात ग्रामसभेत ठरवून घेणे अधिक शहाणपणाचे. गावातील शिक्षक, ग्रामसेवक आणि तलाठी यांच्या हाती हे काम आहे. त्यासाठी संगणकाची वाट पाहण्याचेही कारण नाही. भीती गावात किती दिवस टिकते, एवढे ध्यानात ठेवून सभेची तारीख ठरविली तरी पुरे.